चोवीस ओतीव वाट्या

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

नवी वही. पहिल्या पानावर मी माझ्या हातानं जे केलं ते मांडून ठेवतो, कारण दुसरं कुणी मांडणार नाही.

उंदरांचे पिंजरे, चोवीस. खाली दुहेरी जाळी, लेंड्या एकीकडे, मूत्र दुसरीकडे. मुंबईच्या कंपनीचा पिंजरा मी एकदाच पाहिला. त्यात लेंडी जाळीत अडकते, माझ्यात अडकत नाही. पाण्याच्या बाटल्यांच्या काचनळ्या, स्टोव्हच्या ज्योतीवर वाकवलेल्या. दिवा बारा तास चालू नि बारा तास बंद ठेवणारं घड्याळ, मोडक्या वॉशिंग मशीनच्या सामानातून. आणि चोवीस वाट्या. बिदरच्या पद्धतीनं मातीच्या साच्यात ओतलेल्या, सोळा भाग जस्त नि एक भाग तांबं, कानशीनं घासून वर वॉर्निशचे तीन हात. हातात घेतली की वजन कळतं. उंदीर ती पालथी करू शकत नाही, म्हणून त्यानं किती खाल्लं ते काट्यावर तंतोतंत निघतं.

डॉक्टर विनीतांनी यादीत स्टीलच्या वाट्या लिहिल्या होत्या. स्टील मंजूर झालं नाही. "वाट्या झाल्या का अण्णा?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "झाल्या. ओतीव आहेत, वर वॉर्निश आहे." पुढं त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. चांदीच्या ताटात जेवून कुणाच्या पोटात चांदी गेलेली मला तरी माहीत नाही.

मी दहावी नापास. बिदरला काशप्पाच्या कारखान्यात सुरया नि हुक्के ओतण्यात उमर गेली. मग कलबुर्गीच्या या कॉलेजात पिंजऱ्यांना डाग द्यायला आलो तो उंदीरखान्यातच राहिलो. पाटीवर 'प्राणीगृह' लिहिलंय, पण तसं कुणी म्हणत नाही. शब्दकोश मांडीवर घेऊन मी त्यांची इंग्रजी पुस्तकं वाचली. डॉक्टर विनीता रोग्यांच्या डॉक्टर नव्हेत, संशोधनाच्या. त्यांनी सांगितलेलं मला दुसऱ्यांदा विचारावं लागत नाही.

उद्यापासून खरा प्रयोग. आतड्यात एक जीन असतो, तो अन्नातलं जस्त आत ओढून घेतो. काही उंदरांत तो बंद करण्याची खूण असते. आईकडून एक नि बापाकडून एक, अशा दोन्ही खुणा आल्या तरच औषधानं जीन बंद पडतो. अशी पिल्लं मिळावीत म्हणून जोड्या मी लावतो, एकाच घराण्यातल्या. आईबाप धडधाकट दिसतात, उणीव पिल्लात निघते. जीन बंद पडला की उंदीर झडणार, पंधरा दिवसांत जाणार. निम्म्यांच्या पाण्यात भरपूर जस्त घालायचं, ते जगणार. किती जस्तानं किती जगतात, हेच शोधायचंय.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

एकही उंदीर पडला नाही. ज्यांना जस्त दिलं तेही ठीक, ज्यांना नाही दिलं तेही ठीक. अंगावर केस चकाकतायत.

डॉक्टर काट्यासमोर बसून होत्या. म्हणाल्या, "अण्णा, हे मरत का नाहीत?"

"माझ्या हातचं खाऊन मरायला पाहिजेत व्हय?"

त्या हसल्या, पण बेतानंच. जीन तपासून घेतलाय, तो बंदच आहे. मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. आजवर या खोलीत माझ्या चुकीनं एक जनावर गेलेलं नाही.

खाद्याची भुकटी पाण्यात कालवून देतो, ती संध्याकाळपर्यंत आंबूस वास मारते. वाट्या दोन वेळा धुतो. नवव्या पिंजऱ्यातल्या वाटीची कड कुरतडलेली दिसली, वॉर्निश गेलंय. पुन्हा एक हात दिला.

मादन हिप्परग्याहून माझ्या लेकीचा, सौम्याचा फोन. दसऱ्याला तिला टायफॉईड झाला तेव्हा तिच्या तान्ह्या मल्लीचं अंगावरचं दूध तुटलं, तेव्हापासून पोरीला जुलाब सुरूच. तोंडाभोवती लाल झालंय. गावातल्या आरोग्याच्या आशाताईनं जुलाबाच्या गोळ्यांचं पाकीट दिलं होतं, दोन गोळ्यांवर उलटी झाली म्हणून सासूनं बंद केल्या. मी म्हणालो, बरं केलं, लहान जीव आहे, साखर-मिठाचं पाणी दे.

ती म्हणाली, "अप्पा, उंदराचं वजन रोज लिहायलाव तुम्ही. मल्लीचं कधी इचारलंव का?"

विचारलं. सहा किलो चारशे. लिहून ठेवलंय.

२७ नोव्हेंबर, बुधवार

खाद्याचं पोतं तपासायला हैदराबादला पाठवलं होतं. उत्तर आलं: जस्त नाहीच म्हणावं इतकं कमी. पाणीही स्वच्छ.

मग डॉक्टरांनी मला विचारलं, "तुम्ही त्यांना दुसरं काही देत नाही ना? म्हणजे, दया येऊन?"

दया येऊन. जो माणूस कालवणातलं पाणी थेंबांनी मोजतो, तो उंदरांना चोरून शेंगदाणे घालतो म्हणे. दिवसभर मी त्यांच्याशी बोललो नाही.  सहा जानेवारीला पैसे देणाऱ्या संस्थेची माणसं बघायला येणार आहेत. तोवर काही हाती लागलं नाही तर काम बंद, उंदीर संपवायचे, नि या खोलीत संगणक मांडायचे. मी कुठं जाईन ते कुणी बोललं नाही. मी कंत्राटी आहे.

५ डिसेंबर, गुरुवार

सौम्या मल्लीला घेऊन इथं आली होती, चामडीच्या डॉक्टरला दाखवायला. त्यांनी मलम दिलं. पोर हलकी लागली हाताला. तोंडाला नि बोटांना खपल्या, ढुंगणाशी चट्टे. मी घेतलं तर आधी रडली, मग रडायचीही थांबली. ते रडण्याहून वाईट वाटलं.

माझी बायको गौरम्मा चुलीकडं तोंड करून होती. "त्याचंबी असंच झालतं," एवढंच म्हणाली. तो म्हणजे सौम्याचा पहिला मुलगा. दूध सुटलं नि अकराव्या महिन्यात गेला. तेव्हा तिची सासू भागम्मा बोलली होती, या घरातली पोरं दूध सुटल्यावर टिकत न्हाईत. आज गौरम्मा सांगते, तिची स्वतःची पाठची बहीणही अशीच गेली. इतकी वर्षं मला हे सांगितलं नव्हतं. म्हणे, सांगून काय करणार होतावं.

वजन सहा किलो शंभर.

सौम्याला बस स्टँडवर सोडून परत आलो नि उंदीर वजन करायला घेतले. आकडे दोनदा चुकले. माझे आकडे चुकत नाहीत.

१२ डिसेंबर, गुरुवार

भांडण झालं. डॉक्टर म्हणाल्या, आता एकेक गोष्ट बदलून बघू, आधी वाट्या, काचेच्या लावू.

"वाट्यांना काय झालंय?"

"काही नाही झालं अण्णा. काहीतरी बदलायला हवं एवढंच."

"काच हलकी. उंदीर पालथी घालतील. सांडलेलं कुणी मोजायचं?"

"मग चिकटवा खाली."

"माझ्या वाटीचा दोष निघाला तर मी या खोलीत पाय ठेवणार नाही," असं मी म्हणालो. म्हणायला नको होतं.  त्या हळूच म्हणाल्या, "अण्णा, पंचवीस दिवस उरलेत मला."

वहीत खरं लिहायचं तर: काचेच्या वाट्या सोमवारीच आल्यात. खोका मी फळीवर वर ठेवलाय, पोत्यांच्या मागं. कामून ठेवलाय ते मला विचारू नये.

१८ डिसेंबर, बुधवार

त्यांनी स्वतःच खोका शोधला. स्टूल घेऊन चढल्या नि काढला. पाण्यात जस्त नसलेल्या सहा पिंजऱ्यांत काच लावली. नववा त्यातलाच.

२४ डिसेंबर, मंगळवार

काचेतले सहाही उतरायला लागले. नऊ नंबरचा चोवीस ग्रॅमचा एकोणीसवर आला. मी म्हणालो, "बघा, काच पटली नाही त्यांना. खायला जीव लागत नाही."

"खातायत, अण्णा. तुमचेच आकडे आहेत. आधीइतकंच खातायत."

आकडे माझेच होते.

डॉक्टर खूश झाल्या म्हणावं तर तसं नाही, पण अंगात जीव आला. त्यांच्या आईची तब्येत बरी नाही म्हणून सोलापूरला गेल्या. एक तारखेला येतील. जाताना म्हणाल्या, "एका वाटीचा तुकडा कापून ठेवा, तपासायला पाठवू."

कापायला ती काय भाकरी आहे. ठेवला नाही.

३० डिसेंबर, सोमवार, येळवस (वेळ अमावास्या)

मादन हिप्परग्याला गेलो, गौरम्मा नि मी. तुरीच्या शेतात कडब्याची खोप, पूजा, भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, सगळं रीतीप्रमाणं. पाहुण्यांना वाढायला भांडं कमी पडलं म्हणून जावई श्रीशैलनं सौम्याच्या लग्नातला तांब्या काढला. मी ओतलेला, चांदीच्या वेलबुट्टीचा. त्यात सकाळीच आंबील भरून आणली होती.

गौरम्मानं बघितलं. "आरं, बिदरीत आंबट कामून घातलास? भांडं उतरतंय की त्यात."

श्रीशैल म्हणाला, "आत्या, सासऱ्याचा माल हाय, उतरून उतरून किती उतरल?"

सगळे हसले. मी एक घोट घेऊन बघितला. जिभेला धातू लागत होता. तांब्या आतून पांढुरका पडलेला. बिदरच्या बायका सुनांना पहिल्या दिवशीच सांगतात, यात ताक न्हाई, चिंच न्हाई. आंबील बांधावर ओतून टाकली नि तांब्या राखेनं घासला.

मल्ली खोपीत सौम्याच्या मांडीवर होती. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांत भेगा, त्यावर पिवळट खपली. बोटांच्या टोकांना सोललेलं. कपाळावरचे केस हात लावला की हाताला येतात. उजेडाकडं डोळे उघडत नाही. मी "मल्लेश्वरी" म्हणून हाक मारली, मान वळवली नाही. भागम्मानं जंगमांकडची विभूती लावली होती. म्हणाली, "आता आपल्या हातात न्हाई, भावजी. आळंदच्या डॉक्टरनं नव्या वर्सात या म्हटलंय." मी म्हणालो, कलबुर्गीच्या मोठ्या दवाखान्यात नेऊ. श्रीशैल म्हणाला, "तिथं सलाईन लावून महिनाभर ठिवतेत. पहिल्याला तसंच केलं. शेवटी पिशवीत घालून आणलं."

 सौम्यानं उंडा हातात धरून ठेवला होता, तो शेवटपर्यंत खाल्ला नाही.

वजन करायला काटा नव्हता. हातानं सांगतो, साडेपाचच्या वर नाही.

३१ डिसेंबर, मंगळवार

सकाळी नऊ नंबर हातात घेतला. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांत भेगा, त्यावर पिवळट खपली. हे वाक्य मी काल लिहिलंय. पान उलटून बघितलं, अक्षर न् अक्षर तेच.

अंगठ्यानं त्याच्या कपाळावरचे केस सरकवले, ते अंगठ्याला आले.

शेजारी दहा नंबर, माझ्या वाटीतला, टुणटुणीत. औषध दोघांना एकाच दिवशी दिलेलं, पाण्यात जस्त दोघांनाही नाही. दहा नंबरची वाटी काढली. कालचं कालवण आंबलेलं, नि वाटी आतून पांढुरकी. कड दातांनी खाल्लेली. जिभेला लावून बघितली. तांब्यातल्या आंबिलीची चव.

 सोळा भाग जस्त.

ही जनावरं जगली ती माझ्या हातानं नाही. माझी वाटी खाऊन जगली. काचेतल्यांना वाटी खाता येत नाही. मग मल्लीला आईच्या दुधातून काय मिळत होतं, जे आता मिळत नाही. मी डॉक्टर नाही. बरोबर विचार करतोय की नाही मला कळत नाही. पण तोंड तेच आहे. मी रोज बघतो ते तोंड.

सौम्याला फोन केला, "आत्ता निघा." श्रीशैलनं फोन घेतला. उंदराला झालंय ते माझ्या लेकराला कसं होईल, असं म्हणाला. रागानं नाही, थकून म्हणाला. मी आयुष्यात कुणाला म्हणालो नाही ते त्याला म्हणालो. तुझ्या पाया पडतो म्हणालो. जावयाच्या.

आणि सौम्याला विचारलं, ते जुलाबाच्या गोळ्यांचं पाकीट कुठाय. म्हणाली, भिंतीच्या देवळीत असंल. बघून सांग म्हणालो, वर काय लिहिलंय. ती एकेक अक्षर लावून वाचत होती. मी मधेच थांबवलं. कळलं. जस्ताच्याच गोळ्या. नोव्हेंबरपासून घरात.

बरं केलं, असं मी म्हणालो होतो.

१ जानेवारी २०२५, बुधवार

डॉक्टर सोलापूरच्या गाडीतून उतरून सरळ उंदीरखान्यात आल्या. मी आधी वाट्यांचं सांगितलं. उभ्यानंच. धातू कोणता, किती भाग, सगळं. त्या खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "मी विचारायला हवं होतं." मला वाटलं होतं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग बाहेर बाकावर सौम्या मल्लीला घेऊन बसली होती तिकडं नेलं. त्यांनी पोरीचं तोंड बघितलं, हात बघितले. बराच वेळ हात सोडला नाही.

"अण्णा, सौम्या कुणाकडं दिलीय?"

"गौरम्माच्या भावाच्या मुलाला. घरातली मुलगी घरातच."

"उंदरांच्या जोड्या तुम्ही कशा लावता?"

 एकाच घराण्यातल्या. दोन्हीकडून. आईबाप धडधाकट दिसतात. हे मी त्यांना शिकवल्यासारखं सांगत असे, आलेल्या विद्यार्थ्यांनाही सांगत असे, हातवारे करून.

त्यांनी ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांना फोन लावला, स्वतः रिक्षात बसल्या. रक्त घेतलं. त्याचं उत्तर यायला वेळ लागेल, पण वाट बघायची नाही, जस्त आजच सुरू, असं ते म्हणाले. मला वाटलं काही मोठं यंत्र, मोठं इंजेक्शन असेल. गोळी होती. पाण्यात विरघळवून चमच्यानं. श्रीशैल चमच्याकडं बघत होता. "एवढंच?" म्हणाला.  त्याला ते विचारायचं नव्हतंच. पहिल्या मुलाचं मनात आलं असणार. माझ्या आलं.

३ जानेवारी, शुक्रवार

फरक नाही. सकाळची उलटी झाली, पुन्हा दिली. रक्तात मीठ कमी झालंय म्हणून सलाईन. नळी लावताना पोरीनं हात ओढला नाही. भागम्मा गावाहून आली नि दाराशीच बसली. गौरम्मा म्हणाली, "वयनी, आत या." ती म्हणाली, "गोळ्या मीच बंद केल्याव." गौरम्मा तिच्याजवळ जाऊन खाली बसली.

माझं बोलणं तिला कुणी सांगितलेलं नाही. मी सांगितलं. म्हणालो, बंद केल्यावर बरं केलं म्हणणारा मी.

५ जानेवारी, रविवार

जुलाब दोनदाच. दुपारी मी पेज भरवायला गेलो तर मल्लीनं चमचा झिडकारला नि माझ्याकडं बघून कडकडून रडली. नर्स म्हणाली, "अज्जांवर चिडलीय." सौम्या हसली नि लगेच पदरात तोंड घातलं.

पेज शर्टावर सांडली. पुसली नाही.

७ जानेवारी, मंगळवार

काल संस्थेची माणसं आली. डॉक्टरांनी सगळं मांडलं, वाट्याही टेबलावर मांडल्या. एकानं वाटी उचलून वजन बघितलं, म्हणाला, सुंदर काम आहे. आयुष्यात पहिल्यांदा ते ऐकून मला खाली बघावं लागलं. चोवीसही उंदरांचे आकडे बाद. काम बंद. आज उंदीर संपवले. ते मी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. नऊ नंबर सगळ्यात शेवटी घेतला.

निघताना डॉक्टर म्हणाल्या, "तयारीसकट सहा महिने गेले अण्णा. पण ते तोंड तुम्ही ओळखलंत."

मी म्हणालो, "काच डिसेंबरात नऊ दिवस फळीवर होती."

"माहीत आहे," म्हणाल्या. "मीच काढली ना."

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

मल्ली घरी आलीय, इथंच, गौरम्माजवळ. ओठांच्या खपल्या गेल्या, खाली गुलाबी कातडी. सहा किलो दोनशे. रक्ताचं उत्तर आलं, बालरोगतज्ज्ञ म्हणाले, गोळी जन्मभर, एक दिवस चुकवायची नाही. पुढचं मूल झालं तर जन्मल्यापासून लक्ष. सौम्यानं विचारलं, "रोज कोण ध्यान ठिवणार?" गौरम्मानं माझ्याकडं बोट केलं. "हे काय. उंदराला मोजून घालणारे."

सकाळी संचालक साहेबांनी बोलावलं होतं. दार लावून घेतलं. टाईप केलेला कागद तयार होता: खाद्याची आधीची पोती शिक्का फुटलेल्या अवस्थेत आली, त्यात भेसळ असावी. तपासलेलं पोतं एकच, संपलेल्या पोत्यांचं कोण सांगणार. खाद्यवाल्यांकडून भरपाई घेता येईल, कॉलेजचं नाव राहील, मी कायम होईन, नि सहीच्या दिवशी रोख रक्कम हातात. मी कागद दोनदा वाचला. विचारलं, "शिक्का फुटलेलं पोतं मी आत कसं घेतलं, असं कुणी विचारलं तर काय सांगू?"

"कोण विचारतंय अण्णा?"

दारावर येणारं प्रत्येक पोतं मी उलटंपालटं करून बघितलंय. शिक्के शाबूत होते. खोट माझ्या वाट्यांत होती, नि ती मी माझ्याच हातानं ओतली होती. कागद टेबलावर सरकवला, पेन त्यावर ठेवलं. म्हणालो, नको.

सोडले ते रोख दोन लाख चाळीस हजार.